विषय : ग्रीस, १९३६

"खिडकी उघडा रे कुणीतरी. तंबाखूचा वास सुटलाय."

विभागप्रमुख सर हे बोलले तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. एम.ए. इतिहासाचं दुसरं वर्ष. माझ्या सेमिनारचा दिवस. हातात सात पानं, पहिल्यावर विषय : ग्रीस, १९३६.

वर्ग हसला. एका मुलीनं उठून खरंच खिडकी उघडली.

वास माझाच होता. माझी आई विड्या वळते. शहराबाहेर कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत आमची एक खोली. तिच्यातच तंबाखूचं सूप, तेंदूची पानं, माझी पुस्तकं, दोरीवरचे कपडे. सगळ्याला एकच वास. त्या दिवशी मी केस धुऊन, पिशवीत बांधून ठेवलेला ड्रेस घालून आले होते. तरीही.

"कुंभारी ते ग्रीस," सर म्हणाले. "गाडी कुठून मिळते?"

परत हसू. मग त्यांनी माझी पानं चाळली. "तंबाखू कामगारांचा संप. अच्छा, म्हणजे घरचंच कार्य. हे बघ, तुम्हा लोकांना झेपेल असं घे काहीतरी. सणवार घे, ओव्या घे. बस खाली."

मी बसले. अंतर्गत मार्क सरांच्या हातात. ते गेले तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर मीही आईशेजारी सूप घेऊन बसणार, हे मला ठाऊक होतं.

पुढचे आठ दिवस सर दिसले की मी जिन्यातून मागं फिरायची. बसमध्ये ओढणी हुंगून बघायची. शेजारची बाई जरा सरकली तरी वाटायचं, माझ्यामुळंच.

आईनं एका दुपारी हात न थांबवता विचारलं, "काय झालंय गं? जेवत न्हाईस."

वासाचं तिला सांगितलं नाही. म्हटलं, "सर म्हणतात विषय बदल."

"कसला इषय हाय?"

मी सांगायला लागले. सालोनिका नावाचं शहर. तिथं बायका तंबाखूची पानं निवडायच्या. मे महिन्यात कामगारांनी संप केला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. एक तरणा पोरगा मेला. रस्त्यात त्याच्या प्रेतापाशी बसून त्याची आई रडतीय, असा फोटो आहे. मोबाइलवर दाखवला.

आईनं पदराला हात पुसून मोबाइल घेतला. लई वेळ बघत राहिली.

"नाव काय हिचं?"

"पुस्तकात दिलं नाही."

"पोटचं लेकरू गेलं, आन् नाव बी न्हाय लिवलं." मोबाइल परत देत म्हणाली, "आन् ह्यांनी निवडून दिलेली मान्सं कुटं हुती तवा?"

"सुट्टीवर."

"सुट्टीवर?"

त्या साली कुणालाच बहुमत नव्हतं. राजा नुकताच परदेशातून परत आला होता. पंतप्रधान अचानक वारला. राजानं एका निवृत्त जनरलला त्या खुर्चीवर बसवलं. त्याच्या पक्षाचे खासदार बोटांवर मोजण्याइतके. पण बाकीचे भ्यालेले. लष्कराला भ्यायचे, संपाला भ्यायचे, एकमेकांनाही भ्यायचे. बहुतेकांनी त्यालाच मत दिलं, कारभार सोपवला आणि पाच महिने घरी गेले. तेवढ्यात गोळ्या झाडून झाल्या. ऑगस्टमध्ये देशभर संप होणार होता. त्याच्या आदल्या दिवशी जनरलनं संसदच मोडली. मग पुस्तकं जाळली. माणसं बेटांवर डांबली.

आई ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे कुनी हिसकावून न्हाय घेतलं. ह्यांनीच दिलं."

हे वाक्य मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मलाही वर्गात कुणी हात धरून खाली बसवलं नव्हतं. सर बोलले, मी बसले. माझा विषय मीच देऊन टाकला.

पुढच्या आठवड्यात विषयांची यादी सहीला आली. माझ्या नावापुढं टाइप केलेलं : 'ग्रामीण सणवार'. मला न विचारता.

मी यादी घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हा माझा विषय नाही. मी सही करणार नाही."

सरांनी चष्मा काढला. "मार्क कोण देतं, माहितीय ना?"

"माहितीय, सर."

"मग?"

"माझा विषय ग्रीस आहे."

मी टेबलाची कड धरली आणि उभीच राहिले. शेवटी त्यांनी लाल पेनानं 'सणवार' खोडलं आणि यादी माझ्याकडं फेकली. खाली पडली. मी उचलली, ग्रीस लिहिलं, सही केली.

राहिलेला सेमिनार झाला. सर पूर्ण वेळ मोबाइल बघत होते. मार्क वर्गात सगळ्यात कमी, जेमतेम पास होण्याइतके. मैत्रिणी म्हणाल्या, कशाला ओढवून घेतलंस.

आता पीएच.डी.चा अर्ज भरलाय. मुलाखतीच्या समितीवर तेच सर आहेत. परवा पत्र आलं तेव्हापासून झोप नीट लागत नाही. ते काय बोलतील, कोण कोण हसेल, सगळं आधीच ऐकू येतं. भीती गेली नाही आणि ती जाईल असंही वाटत नाही. पण तिच्यापायी माझं काही कुणाच्या हातात द्यायचं नाही. ते नाही म्हणाले तर पुढच्या वर्षी परत अर्ज. त्याच्या पुढच्याही वर्षी. आणि प्रबंध लिहीन तेव्हा फोटोतल्या त्या बाईचं नाव शोधून पहिल्या पानावर घालीन.