विचारायला लाजू नका

माझा धाकटा भाऊ संगणकाचा इंजिनिअर. एका कंपनीचं काम तो वडशाला, आमच्या घरी बसून करतो आणि उरलेल्या वेळात साऱ्या जगाचं काम फुकट करतो. आमच्याकडे हिवाळाभर गावोगाव मंडप घालून झाडीपट्टीची नाटकं चालतात. त्यातले ढग, वाघ, मोटार, दाराची कडी असले आवाज लॅपटॉपचं एकेक बटण दाबून वाजवता यावेत म्हणून त्याने एक प्रोग्राम तयार केला. ओपन सोर्स. म्हणजे कोणीही घ्यावा, आतून उघडून पाहावा, जमलं तर सुधारून परत द्यावा. सगळं उघडं, पण कोणी येईना.

"लोकाइले फुकटची गोष्ट पटत नाई," असं निदान करून तो मोकळा झाला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. एका रविवारी त्याने प्रोग्रामचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो कसा बसवायचा आणि कसा वापरायचा हे सांगणारं पान, माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, फक्त शुद्धलेखन पाहून दे."

शुद्धलेखन उत्तम होतं. तेवढंच उत्तम होतं. पहिलंच वाक्य, 'ही प्रक्रिया अत्यंत सोपी आहे.' पुढे, 'ज्यांना टर्मिनल ठाऊक नाही त्यांनी प्रथम त्याचा अभ्यास करून यावे.' आणि तळाशी, 'शंका अवश्य विचाराव्यात. मात्र त्यापूर्वी आजवरच्या सर्व शंका वाचलेल्या असाव्यात.' हा प्रोग्राम नेमका करतो काय, ते कुठेच नव्हतं.

"हे कोणासाठी लिहिलं?"

"नवीन लोकासाठी."

"त्याइले बोलावून राह्यला का हाकलून राह्यला?"

त्याला लागलं थोडं. "तूच करून पाहाय. चहा होईस्तोवर होते."

मी ओसरीवर माझा लॅपटॉप उघडला आणि एकच अट घातली. त्याने शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. पान सांगेल तसं मी करणार. 'सर्वप्रथम टर्मिनल उघडावे' इथेच चहा होऊन गेला. टर्मिनल म्हणजे ज्यात हुकूम टाइप करायचे ती काळी खिडकी, हे मला कळेपर्यंत भाऊ दोनदा उठून अंगणात पाणी पिऊन आला. मी पानावरचा हुकूम जसाच्या तसा उतरवला. खिडकीभर लाल अक्षरं आली. भावाने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"आता बोल," मी म्हटलं.

"अवं, त्याच्याआधी आवाजाची लायब्ररी टाका लागते!"

"पानावर कुठी आहे?"

त्याने पान वर-खाली केलं. नव्हतंच. ही लायब्ररी, म्हणजे आवाज वाजवायला लागणारा तयार कोड, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर कधीतरी टाकली होती आणि विसरून गेला होता.

"हे तं सगळ्याइले माहीत रायते," तो म्हणाला.

"सगळ्याइले म्हणजे कोणाले?"

तो बोटांवर मोजायला लागला आणि पहिल्याच बोटावर थांबला. "मले," तो म्हणाला.

मग आम्ही पान नव्याने लिहायला बसलो. 'सोपी', 'सहज' आणि 'फक्त' हे तीन शब्द मी आधी काढले; जो अडतो त्याला ते चिमटे काढतात. सुरुवातीला प्रोग्राम काय करतो ते दोन ओळींत आलं. लाल अक्षरं कधी येतात आणि आली तर काय करायचं, तेही आलं. शेवटी मी लिहिलं, 'अडलात तर विचारायला लाजू नका. आम्हीही अडलो होतो.'

"हे तं लग्नपत्रिकेसारखं वाटून राह्यलं," भाऊ कुरकुरला. पण ते पान त्याने इंटरनेटवर लावलं.

पावसाळा सरता सरता पहिला प्रश्न आला. आमच्याच जिल्ह्यातल्या, मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीतली कॉलेजातली मुलगी होती. तिने लिहिलं होतं, 'आमच्या गावात दरवर्षी बंगाली नाटक होतं. आवाजांना बंगाली नावं दिली तर नुसते चौकोन दिसतात. माझंच काहीतरी चुकत असेल. लाजू नका लिहिलं आहे म्हणून विचारते.'

भावाने उत्तर टाइप केलं, 'फॉन्ट तपासा.' मी मागे उभी होते. तिथून हलले नाही. त्याने ते खोडलं आणि एवढं लांबलचक, अदबशीर उत्तर लिहिलं की पोरगी घाबरून पळाली असती. तेही मी अर्ध्यावर आणायला लावलं. मग त्याने स्वतः बंगाली नाव टाकून पाहिलं. चौकोन. चूक तिची नव्हतीच, प्रोग्रामची होती.

"ताई, बग सापडला!" घरात कोणाचं लग्न ठरावं तसा तो ओरडला.

'मी दुरुस्त करून पाहू का?' तिने विचारलं. कुठे बघायचं ते त्याने समजावलं. यावेळी एकही पायरी न गाळता. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिचा बदल प्रोग्रामात सामील झाला. बाहेरच्या माणसाचा पहिलाच. भाऊ जेवताना तो बदल मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहत होता. वरण गार झालं.

हिवाळ्यात तिने आम्हाला तिच्या गावी तालीम पाहायला बोलावलं. दुपारची वेळ, शाळेसमोर अर्धा बांधलेला मंडप. लॅपटॉपवर ती बसली होती. ढग वेळेवर गडगडले, घोडा वेळेवर आला. भावाने रंगमंचाकडे पाहिलंच नाही, तो तिच्या बोटांकडे पाहत होता. तेवढ्यात नायकाने नदी ओलांडायला होडी सोडली आणि सगळे थांबले.

"दादा, वल्ह्याचा आवाज नाही आपल्याकडे," ती म्हणाली.

त्या 'आपल्याकडे'ने भाऊ इतका खूश झाला की चपला माझ्या हातात देऊन तो थेट शाळेमागच्या तळ्यात उतरला. ती आवाज टिपायला काठावर मोबाइल धरून बसली. भाऊ गुडघाभर पाण्यात, हातात वल्ह्याऐवजी बादलीचं झाकण.

"हळू, दादा. हे तर म्हैस पोहल्यासारखं वाटते."

त्याने झाकण पाण्यावर हळू मारलं.

"आता फार हळू. होडी बुडेल ना."

तो हसला, पाय घसरला आणि बदकन चिखलात बसला.

"हा आवाज ठेवते," ती म्हणाली. "कोणी पाण्यात पडलं की वाजवू."

मी चपला सांभाळत काठावर बसले होते. भाऊ चिखलातून उठला, झाकण धुतलं आणि तिला म्हणाला, "चला, पुन्हा एकदा. तुम्ही सांगाल तसं."