दक्षिणेला तोंड नको

आमच्या घरात सुनेनं भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलायचं नाही अशी रीत आहे. मला ती कधी जड गेली नाही. आमच्या भायांशी बोलण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं. फारच गरज पडली तर मी नवऱ्याला सांगायची. मग हे माझ्या बोलण्यातला सगळा तिखटपणा काढून उरलेलं मोठ्या भावापुढे ठेवायचे.

राणीसावरगावच्या शिवारात आम्ही रेशमाच्या अळ्यांसाठी पत्र्याचं शेड उभं केलं. चैत्रात पत्र्याखाली काय होतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, आणि अळीला तर उष्णता अजिबात सोसत नाही. म्हणून छपरावर सोलारच्या प्लेटा बसवून त्यावर पंखे आणि पाण्याचे तुषार उडवणारी मोटर चालवायची, असं ठरलं. ज्या उन्हानं पत्रा तापणार, त्याच उन्हानं पंखा फिरणार. मला ही गोष्ट फार आवडली होती. अळ्या माझ्या होत्या. तुतीचा पाला मीच तोडायची, मीच घालायची, आणि कोश झाले की घरात माझा शब्द थोडा वर जाईल अशी आशाही मला होती.

प्लेटा बसवणारा कारागीर दक्षिणेकडे उतार देऊन सांगाडा जोडायला लागला, तेवढ्यात भाया आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि सगळ्या जगाची अक्कल आपल्याच खिशात असल्याचा चेहरा.

"दक्षिणेला तोंड? ती यमाची दिशा हाय. फिरवा."

"काका, सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो."

"उगवतो कुठून?"

"पूर्वेकडून."

"मग?"

त्या 'मग'ला उत्तर होतं आणि ते कारागिरालाही येत होतं. पण त्याला गंगाखेडची बस गाठायची होती. प्लेटा पूर्वेकडे तोंड करून, चांगल्या उभ्या बसल्या. भायांनी त्यांना हात जोडले. दर शनिवारी दक्षिणमुखी मारुतीला तेल घालणारा हाच माणूस, पण देवाला चालतं ते प्लेटांना चालत नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, "सांगा त्यांना, दुपारी पंखे मरतील." हे म्हणाले, "दादा लय बघून करतात."

सकाळी पंखे असे भणभणायचे की पाला उडायचा. भाया पाहुणे आणायचे तेही सकाळीच. पंख्याखाली उभे राहून शेंडी उडवून घ्यायची आणि कौतुक ऐकायचं, एवढंच काम. दुपारी तिकडे कुणी फिरकत नव्हतं. दुपारी सूर्य प्लेटांच्या पाठीमागे जायचा आणि पंखे म्हाताऱ्यासारखे रेंगाळायचे.

अळ्या मोठ्या झाल्या, एक-दोन दिवसांत कोश धरतील अशा, आणि नेमकं तेव्हाच एका दुपारी ऊन भडकलं. गावातली लाइट सकाळपासूनच नव्हती. पंखे थांबल्यात जमा, तुषारांच्या जागी नुसते थेंब. मी पोती भिजवून खिडक्यांना लावली. ती बघता बघता वाळली. पाना घेऊन शिडीवर चढले, पण सांगाडा एकटीला हलेना. नवऱ्याला म्हटलं, "चला, दोघं मिळून फिरवू." तर हे म्हणाले, "दादाला विचारून येतो."

गेले ते आलेच नाहीत. मी बघायला गेले तर हे भायांच्या ओसरीवर बसलेले.

"झोपलेत," हे हळूच म्हणाले. "उठवावं कसं?"

आतून घोरण्याचा आवाज येत होता. मला त्या घोरणाऱ्याचा राग आला, आणि ओसरीवरच्या माणसाची त्याहून जास्त किळस आली. मी परत येऊन पुन्हा पोती भिजवत राहिले. ऊन कलेपर्यंत अळ्यांनी पाल्यावर माना टाकल्या होत्या. त्या पाला खातात तेव्हा शेडमध्ये बारीक सरसर चालू असते. ती थांबली होती. मी तिथेच बसून रडले.

मेलेल्या अळ्या तशाच ठेवता येत नाहीत, रोग पसरतो. मी खड्डा खणून त्या पुरल्या आणि वर चुना टाकला. हे फावडं हातात घेऊन शेजारी नुसते उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाया नेहमीसारखे पाहुणे घेऊन आले. रिकाम्या रॅकवर पंखे जोरात भणभणत होते. भायांनी सगळं बघितलं, आणि माझ्या नवऱ्याला विचारलं ते एवढंच:

"मेलेलं कुठं पुरलं? पूर्वेला न्हाई ना?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा भायांशी बोलले.

"दक्षिणेला पुरलं, भाऊजी. तिकडली जागा तुमीच मोकळी ठेवली होती."