यादीतलं सतरावं यंत्र

शेंगाची चटणी निम्मी कुटून झाली होती. दाण्यांना नुकतं कुठं तेल सुटू लागलं होतं, लसूण अजून पडायचा होता, तोच गुरुसिद्धप्पांचा फोन वाजला. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतपूजेच्या दिवशी शेतात पाय घसरून शरणम्माचं मनगट मोडलं, तेव्हापासून उखळ त्यांच्याकडं आलं होतं. अंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळाला विभूती लावून ते रोज सकाळी काहीतरी कुटत बसत, आणि शरणम्मा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन उंबऱ्यातून हुकूम सोडी. आज तिचं म्हणणं होतं की दाण्याचं पार पीठ करू नका, दाताखाली काही तरी यावं.

फोन डाळमिलच्या मालकांचा होता. सोलापूरच्या अर्पिताताईंनी, म्हणजे कर सल्लागार बाईंनी, एक पत्र पाठवलंय, ते छापून ठेवा. मी अकराला येतो. वर माझी सही, खाली तुमची. दोन वाजता खरेदीखताला जायचंय.

गुरुसिद्धप्पांनी सहज विचारलं, "पत्र कशाचं, मालक?"

"विमानाचं हो, आप्पा. ते मिलच्या यादीत कधीच नव्हतं, एवढंच लिहून द्यायचंय."

मुसळ वर उचललेलं होतं, ते वरच राहिलं. मग त्यांनी ते अलगद भिंतीला टेकवलं, हात धुतले आणि टोपी घातली.

"अवो, आन् चटणी?" शरणम्मानं विचारलं.

"येतो," एवढंच ते म्हणाले. चौतीस वर्षांच्या संसारात, नाही, चौतीस वर्षं तर नोकरीला झाली, संसाराला अडतीस, तर अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस कामाला जाताना कधी पाणी न पिता गेला नव्हता. आज गेला.

गुरुसिद्धप्पा सीमेपलीकडच्या खेड्यातले. घरात कानडी, वहीत मराठी. लोहाऱ्यातल्या डाळमिलमध्ये ते आले तेव्हा काट्यावर पोती मोजायचं काम होतं. त्यांचं अक्षर बघून थोरले मालक बंडप्पा यांनी त्यांना आत गादीवर घेतलं आणि दिवाणजी केलं. थोरल्या मालकांची एक रीत होती. खंडेनवमीला मिलमधल्या एकूण एक यंत्राची पूजा व्हायची, चाळणीपासून ट्रकपर्यंत. दिवाणजींनी एका हातात कुंकवाची वाटी आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन सगळ्या मिलला फेरी घालायची. ज्याला कुंकू लागलं त्याचं नाव कागदावर. तीच त्या सालची यंत्रांची यादी. मालक म्हणायचे, देवापुढं जे मांडलं ते लपवायचं न्हाई, आणि जे मांडलं न्हाई त्याचा दावा करायचा न्हाई. ते गेले, तरी दिवाणजींनी रीत मोडली नाही.

विमान आलं ते थोरल्यांच्या मुलाच्या, म्हणजे धाकट्या मालकांच्या काळात. उमाशंकर मालकांना उडण्याचा छंद. मिल चांगली चालत होती, तेव्हा त्यांनी घरखर्चाच्या खात्यातून चौदा लाखांना दोन माणसं बसतील एवढं एक जुनं विमान घेतलं. नळदुर्गाच्या पलीकडं एक मुरमाची धावपट्टी होती, तिथं शेडमध्ये ते ठेवत आणि रविवारी उडवत. त्यातून ना कधी डाळ गेली ना गिऱ्हाईक. एकदा त्यांनी दिवाणजींनाही वर नेलं होतं. गुरुसिद्धप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरून डोळे मिटून घेतले ते पार शेवटी उघडले, आणि खाली बघून पहिलं वाक्य काय बोलले, तर मिलचे पत्रे पश्चिमेकडून गंजलेत, पावसाच्या आत बदलायला पाहिजेत. हा किस्सा मालक दहा वर्षं सांगत होते.

मागच्या महिन्यात ते विमान विकलं. मालकांच्या हृदयात जाळी बसवल्यावर डॉक्टरांनी उडण्याचा दाखला नाकारला. पुण्याच्या एका शौकिनानं बावीस लाख दिले. चौदाचे बावीस झाले, तर कर किती, हा प्रश्न होताच. अर्पिताताईंनी सांगितलं होतं, स्वतःच्या आवडीसाठी ठेवलेली वस्तू, जशी घरची मोटार, तसंच हे. अशा वस्तूच्या विक्रीवर कर लागत नाही. फक्त ती धंद्यात कधी दाखवलेली नसावी.

म्हणून तर बावीसच्या बावीस लाख धरून मालकांनी मिलच्या मागची सिद्धारामची जागा ठरवली होती. तीन लाख इसार दिला होता. मिलला पोती उतरवायला जागा राहिली नव्हती. ट्रक रस्त्यावर उभे राहत आणि तहसीलकडं जाणारे लोक रोज भांडत.

मिलच्या कचेरीत आल्यावर गुरुसिद्धप्पांनी कपाट उघडलं. याद्या सालवार बांधलेल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वीची काढायला त्यांना शोधावं लागलं नाही. त्या सालच्या दसऱ्याला विमानाचा पुढचा पंखा दुरुस्तीसाठी मिलमध्ये आणून ठेवला होता. मालकांच्या आई म्हणाल्या, यंत्रच आहे, त्यालाही कुंकू लावा. आणि दिवाणजींनी लावलं. कागदावर त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं: १७. विमान, एक. शेजारी कुंकवाचं बोट उमटलेलं. मागं खरेदीची पावतीही जोडलेली, तीसुद्धा त्यांनीच, टाचणी लावून. यंत्र यादीत आलं म्हणजे पावती जोडायची, ही शिस्त.

ती यादी तेव्हाच्या कराच्या वकिलांकडं गेली. म्हातारे गृहस्थ, आता हयात नाहीत. यादीत एकदा जे आलं त्याचा पुढं दरसाल घसारा ते मांडत, म्हणजे यंत्र झिजतं म्हणून तेवढी रक्कम नफ्यातून वजा. मालक न वाचता सही करत. चाळणी झिजली, मोटार झिजली, आणि त्यांच्याबरोबर रविवारचं विमानही कागदावर नऊ वर्षं झिजत राहिलं.

गुरुसिद्धप्पा खुर्चीवर बसले. छापलेलं पत्र टेबलावर होतं. अर्पिताताईंनी काम दोन वर्षांपूर्वी हाती घेतलं. त्यांच्याकडच्या कागदांत विमान हा शब्दच नव्हता, नुसते यंत्रांचे गट आणि आकडे. शब्द होता तो या कपाटात. आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला.

बाहेर मिल सुरू होती. भिंत हलत होती, टेबलावरची टाचण्यांची डबी हलत होती. पावणेअकरा झाले. त्यांच्या मनात आलं, की शिवा, मी काही खाल्लं नाही, काही चोरलं नाही, कुंकू लावलं तेवढं लिहिलं, आणि त्याच लिहिण्यानं पोराचं नुकसान करून ठेवलं. पोर म्हणजे मालकच. बावन्न वर्षांचे झाले तरी त्यांना ते थोरल्या मालकांच्या मागं मिलमध्ये हिंडणारे अठरा वर्षांचे दिसत. एक कागद. चुलीत घातला तर चटणीचे दाणे भाजायलाही पुरायचा नाही.

अकराला मालक आले. खूश होते. पेन खिशातून काढतच आत शिरले आणि उभ्या उभ्या सही करायला वाकले.

"थांबा, मालक," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि यादी पुढं सरकवली. सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

मालकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आधी त्यांना हसूच आलं. "आप्पा, तुमी विमानाला चाळणी समजलात काय?"

गुरुसिद्धप्पा हसले नाहीत. मग मालकांचंही हसू उतरलं. त्यांनी खुर्ची ओढली, घसारा किती वर्षं घेतला ते विचारलं, उत्तर ऐकलं, आणि अर्पिताताईंना फोन लावून तो टेबलावर ठेवला, दोघांना ऐकू येईल असा.

बाईंनी सावकाश समजावून सांगितलं. एकदा धंद्याची म्हणून झीज मागून घेतली, की विकताना तीच वस्तू घरची म्हणता येत नाही. कागदावरची तिची किंमत झिजून जवळजवळ संपली असेल. म्हणजे बावीस लाखांतला बहुतेक सगळा भाग उत्पन्नात येईल. अंदाजे सहा लाखांच्या घरात कर. नक्की आकडा जुन्या याद्या आणि जुनी विवरणपत्रं बघून सांगता येईल. आणि ते पत्र कृपा करून कोणी सही करू नका.

फोन बंद झाला. मालकांनी पेन परत खिशात ठेवलं.

"ही यादी आणखी कुणी बघितलीय?"

"कुणीच न्हाय."

"मग?"

गुरुसिद्धप्पांना तो प्रश्न पुरता कळला. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"कागद फाडायला वेळ लागत न्हाय, मालक. तुमी फाडलात तर म्या हात धरणार न्हाय. पर दरसाली जो घसारा सरकारकडं गेला त्यो कुठं फाडायचा? आन् त्या पत्रावर सही म्या करणार न्हाय. थोरल्या मालकांनी हातात वाटी दिल्ती ती खरं लिहाय दिल्ती."

"तुम्हाला कोण म्हणलं होतं लिहायला? ती छंदाची वस्तू, दिवाणजी. छंदाची."

आप्पाचं दिवाणजी झालं, ते गुरुसिद्धप्पांच्या कानात टोचलं. चौतीस वर्षांत या घरात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, फक्त परक्यांपुढं ओळख करून देताना तेवढी.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "कुंकू बघितलं, वस्तू बघितली न्हाय."

मालक उठून खिडकीपाशी गेले. तिथून सिद्धारामची जागा दिसते. बाभळी, एक मोडकी बैलगाडी, मागं पाण्याची टाकी. त्यांनी सिद्धारामला फोन केला. खरेदीखत आज होत नाही म्हणाले, कारण सांगितलं नाही. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता. सोमवारपर्यंत थांबतो, असं त्याचं म्हणणं होतं. सोमवारी पैसे आले नाहीत तर इसार विसरा, उमरग्याची पार्टी तयार आहे. मालकांनी बरं म्हटलं. सहा लाख बाजूला ठेवून उरलेल्यात थोडी कमी जागा मिळते का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. विचारायचं तर आकडा पक्का पाहिजे होता.

जाताना त्यांनी छापलेलं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. यादीला हात लावला नाही. किल्लीही टेबलावरच राहू दिली.

"सगळ्या याद्या तुमीच घेऊन जावा सोलापूरला," दारातून ते म्हणाले. "बाईंना एकेक साल दाखवा. सोमवारच्या आत मला आकडा पाहिजे." आणि थोडं थांबून, "गाडी मिळणार न्हाय. गाडी मला सिद्धारामकडं लागंल."

गुरुसिद्धप्पांनी मान डोलावली. मालक गेल्यावर बऱ्याच वेळानं त्यांनी किल्ली उचलली. ती परत बांधावी की टेबलावर असू द्यावी, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी खिशात घातली.

दुपारी घरी आले तेव्हा चटणी तशीच उखळात होती, वर ताट झाकलेलं. शरणम्मानं काय झालं ते विचारलं नाही. चेहऱ्यावरून तिला कळलं की आज जेवणाआधी बोलायचं नाही. त्यांनीच मग लसूण सोलून घातला, तिखट घातलं, आणि मुसळ हातात घेऊन कुटता कुटता सगळं सांगितलं. काम राहील का, हेही बोलले. ती म्हणाली, "राहिलं तर राहिलं. पीठ करू नगा म्हणलं ना."

चटणी डब्यात भरली. त्यातली मूठभर कागदात बांधून त्यांनी भाकरीच्या फडक्यात ठेवली. मग मिलमधून आणलेल्या खंडेनवमीच्या नऊ याद्या सालवार लावल्या, सुतळीनं घट्ट बांधल्या आणि पिशवीत घातल्या. उद्या सकाळी सव्वासहाच्या एसटीनं त्या अर्पिताताईंकडं सोलापूरला पोचवायच्या.