वडिलांच्या गाडीचे नवे पाय

वडिलांची मोटारसायकल माझ्याहून वयाने मोठी, आणि घरात तिला मान थोरल्या लेकीचा. पेणहून रोह्याच्या कंपनीतली सगळी नोकरी वडिलांनी तिच्यावरच केली. ते निवृत्त झाले, मी त्याच कंपनीत लागलो, तेव्हा गाडी माझ्याकडे आली. म्हणजे चावी आली, गाडी त्यांचीच.

तिचे पुढचे शॉकअप पार गेले होते. कितीदा सील बदलले तरी तेल गळायचं, आणि कंपनीत पोचेपर्यंत माझे खांदे निखळायचे बाकी असायचे. जुने भाग कुठे मिळेनात. माझा शाळेतला मित्र आखातात बरीच वर्षं गाड्या दुरुस्त करून परतला होता आणि पेणमध्ये गॅरेज टाकून बसला होता. तो म्हणाला, "भंगारात एका नव्या गाडीचे शॉकअप आलेत, डिस्क ब्रेकसकट. तेच हिला लावू."

"बसतील?"

"बसत नाय रे, बसवायचे असतात!"

बसले नाहीत. हँडल ज्या मधल्या दांड्यावर वळतं, तो नव्या शॉकअपचा दांडा आखूड आणि आमच्या चेसीची मान लांब. जुना दांडा काढून नव्याच्या जागी घट्ट बसवणं, एवढाच उपाय होता. ते काम करणारा लेथवाला रोह्याला. गाडी तर बिनचाकाची उभी, म्हणून ते सगळं धूड खांद्यावर टाकून मी पॅसेंजरने निघालो. पुढच्या स्टेशनला सुक्या मासळीची पाटी घेऊन एक मावशी चढल्या.

"काय रं, तोफ हाय काय?"

"नाय मावशी, गाडीचे पाय."

"आन् गाडी?"

"घरी हाय."

"मंग बस की निवांत. बिनपायाची कुठं पळतेय ती?" असं म्हणत त्यांनी पाटी सरकवून मला जागा दिली.

लेथवाल्याने दांडा बसवून दिला. मित्राने शॉकअप चढवले, चाक लावलं आणि अरबी घोड्याकडे बघावं तसा गाडीकडे बघत राहिला. पुढून ती चांगली तीन बोटं उंच झाली होती. वडिलांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"ही काय विमानं बघतेय?"

रविवारी आम्ही बापलेक तिच्यावरून हमरापूरला गणपती सांगायला गेलो. मूर्तिकाराच्या अंगणात मी साइड स्टँड लावला. गाडी उंच झाल्याने स्टँड आता तोकडा पडत होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आत वडील सोंड डावी की उजवी यावर बोलत होते, तेवढ्यात मागे धप्प झालं. गाडी भिजवलेल्या शाडूच्या ढिगावर आडवी! आम्ही तिला ओढून उभी केली. मूर्तिकाराने मातीत उठलेला हँडलाचा ठसा नीट निरखला.

"साचा झकास आलाय. पण ह्याला गिऱ्हाईक नाय."

वडील हसत हसत उंबऱ्यावरच बसले. मी आरशातली माती पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी मित्राने पकड ढिली करून शॉकअपच्या नळ्या वर सरकवल्या, पुढची उंची उतरवली आणि स्टँडला लोखंडाचा तुकडा वेल्ड केला. मग वडील एकटेच एक चक्कर मारून आले.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"चांगली झाली. पण आधी खड्डा लागला की कळायचं, वडखळ आलं. आज वडखळ मागं गेलं तरी मला पत्ता नाय."

तारीफ होती की तक्रार, कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारची शिफ्ट होती. निघायला आलो तर खिळ्यावर चावी नाही, अंगणात गाडी नाही आणि घरात आईही नाही. मी एसटी धरली. परतलो तेव्हा आई माझीच वाट बघत बसली होती. कंबर धरते म्हणून तिने त्या गाडीवर बसणं केव्हाच सोडलं होतं.

"नागोठण्याला गेलेलो," ती म्हणाली. "माझ्या मावशीकडं. कमरेला काय सुद्धा झालं नाय."

मग आतल्या खोलीकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, "तुला येत्या रविवारी गाडी लागणार नाय ना? अलिबागला जायचं म्हणतायत."