दगडावरून खोडलेलं माझं नाव

तळोज्याच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता जिथं फुटतो, त्या नाक्यावर आमच्या चार शहीद कामगारांचा दगड उभा राहिला, तेव्हा वरून तिसरं नाव माझं होतं. मी समोरच गर्दीत उभा होतो. पुढाऱ्याने एकेक नाव घेतलं, लोक ‘अमर रहे’ म्हणाले. माझं नाव आलं तेव्हा सवयीने मीही म्हणालो.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या वर्षांतली. मी बीडकडचा. आमचा धंदा दगडाचा. गावोगाव फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावायची, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून द्यायचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढं घरोघर गिरण्यांचं पीठ आलं, जाती कोपऱ्यात गेली आणि आमची छिन्नीही. तेव्हा शेजारच्या गावचा एक मुकादम मला इकडं घेऊन आला. सगळे त्याला मामा म्हणायचे. रसायनांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे त्याने मला चिकटवलं, राहायला जागा दिली, पहिले आठ दिवस स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं. त्याचे उपकार मी आजही नाकारत नाही. पुढचं सांगताना हे आधी सांगितलेलं बरं.

गेटवर पितळेचा बिल्ला दाखवून आत जायचं. बिल्ल्यावर नंबर, नंबरापुढं ऑफिसच्या रजिस्टरात नाव. फोटो कुठंच नाही. त्यामुळं कुणी गावी गेला की त्याचा बिल्ला दुसरा चालवायचा. याला आम्ही ‘बिल्ला चालवणं’च म्हणायचो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावी गेलेल्याचा खाडा पडत नसे, आणि ज्याला स्वतःचा बिल्ला मिळालेला नाही त्याला काम मिळे. माझ्या खोलीत असाच एक होता, उस्मानाबादकडचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. झोपेत शेळ्या हाकायचा. आईला कावीळ झाल्याचं पत्र मला आलं तेव्हा तो म्हणाला, जा तू, खाडा पडू देत नाही तुझा.

मी गावी पोचून पाच दिवस झाले होते. पोस्टमन तार घेऊन आला. मीच सही करून घेतली, मीच वाचली. कारखान्यात स्फोट होऊन मी मेलो होतो.

त्या तारेवर हसू आलं नाही की रडू आलं नाही. माझा बिल्ला कुणाच्या खिशात होता हे मला ठाऊक होतं. बाकी कुणालाच ठाऊक नव्हतं, मामा सोडून.

परत आलो तेव्हा माझ्या खोलीतल्या त्या सोबत्याला अग्नी देऊन झाला होता. त्याच्या घरच्यांना मामाने आपणहून निरोप धाडला होता, पण ऑफिसात तो गप्प राहिला. खरं सांगितलं असतं तर बिल्ल्यांचा सगळाच मामला उघडा पडला असता आणि आमच्यातले पन्नास-साठ जण गेटाबाहेर गेले असते. कागदावर मी मेलेला, म्हणून मामाने मला गावी कायमच्या गेलेल्या एका तिसऱ्याचा बिल्ला दिला. वर्षभर मी त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणत राहिलो. कुणी मागून माझ्या खऱ्या नावाने हाक मारली तर मान वळू नये म्हणून खाली बघून चालायचो.

वर्षाने युनियनने दगड उभारला. नावं रजिस्टरातूनच उतरून घेतली.

आम्ही जिच्या पडवीतल्या खोलीत राहायचो ती म्हातारी तिथल्या जुन्या गावची, आगरी. सगळे तिला आये म्हणायचो. तिची भातशेती कारखान्यांसाठी गेलेली, आणि नाका म्हणजे तिच्याच शेताचा तुकडा. दगड उघडा झाला त्या दुपारी मी जेवायला बसलो, तर तिने टोपलीतली भाकरी हातात धरूनच ठेवली.

“मेलेले मानसाला भाकर किती लागं?”

पोरं हसली. मीही हसलो. तिने भाकरी वाढली, पण जेवण होईपर्यंत समोरून हलली नाही. मग विचारलं, मेला त्याचा नाव कुठं हाय? मी म्हटलं, कुठंच नाही. तिने भांडी आवाज करून घासली.

मला आमच्या गावचा चौथरा आठवत राहिला. इकाहत्तरच्या लढाईत आमच्या गावचा एक जवान पडला होता. शाळेपुढं त्याचा दगड लावायचा ठरला आणि काम माझ्या बापाकडे आलं. मी पाणी शिंपडायला होतो. बाप अक्षरं गरजेपेक्षा खोल कोरत होता. सरपंच म्हणाला, कशाला एवढे कष्ट घेतो, वरवर कोर, वाचता आलं म्हणजे झालं. बाप म्हणाला, जवानाच्या आईला वाचता येत नाही, तिचं बोट बसलं पाहिजे. आणि खरंच, ती बाई बाजाराला जाता-येता त्या खाचेतून बोट फिरवून जायची. मी लिहायला शाळेत शिकलो, पण नाव कशासाठी असतं ते तिथं शिकलो.

दगड लागून महिना झाला असेल. उस्मानाबादहून पत्र आलं, त्याच्या बायकोचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. नाव कोरलंय असं मामांनी कळवलं, शुक्रवारी बघायला येते, म्हणून.

मी पत्र घेऊन मामाकडे गेलो. तो दाढी करत होता. आरशातूनच बोलला.

“तिला कुठं वाचता येतंय? तुझ्याच नावावर बोट ठेव आन् सांग, ह्योच तुमचा मालक.”

मामा वाईट माणूस नव्हता. त्याने शांतपणे हिशेब समजावला, एका मेलेल्यापायी जित्यांच्या पोटावर पाय देऊ नको म्हणाला. मी मान डोलावून बाहेर पडलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. भीती नोकरीची होती, गावी पाठवायच्या पैशांची होती, त्या पन्नास-साठ जणांची होती. पण त्या बाईचं बोट हातात धरून ते माझ्या नावावर टेकवायचं, एवढं एकच काम माझ्याच्याने होणार नव्हतं. बाकी सगळं जमलं असतं.

गुरुवारी मी पत्र्याच्या पेटीतून बापाची छिन्नी आणि हातोडी काढली. लपूनछपून करायचं नाही हे ठरवलं होतं. चोरासारखं कोरलेलं नाव चोराचंच दिसलं असतं. दुपारी पाळी सुटायच्या आधी नाक्यावर गेलो आणि ठोकायला सुरुवात केली.

दगडावरचं नाव पुसता येत नाही. ती सबंध ओळच खाली उतरवावी लागते, बोटभर खोल चर पाडायचा, तळ सपाट करायचा, मग त्यात नवं नाव. माझं पहिलं अक्षर उडालं तेव्हा छिन्नी दोनदा सटकली. तिसरं उडेपर्यंत हात बापाचा झाला.

भोंगा वाजला आणि माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, याला वेड लागलं. कुणी ओळखलं आणि शिव्या घातल्या, आमच्या मुळावर का उठलास म्हणून. त्यांचंही खरं होतं. कारखान्याचा वॉचमन काठी आपटत आला. तेवढ्यात आये आली, कमरेवर पाण्याची कळशी. दगड भिजवायला पाणी लागतं हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कळशी माझ्याजवळ ठेवून ती चौथऱ्यावर मांडी घालून बसली.

“यो दगर माजे शेतान उबा हाय. मना कोन उठवतं त बगू.”

वॉचमनने आपली काठी काखेत घेतली आणि साहेबाला सांगायला गेला. साहेबाच्या आधी मामा पोचला. तो ओरडला नाही, माझ्याजवळ उकिडवा बसला. हलक्या आवाजात म्हणाला, ताटातलं खाऊ घातलं व्हतं रे तुला. त्या एका वाक्याने माझा हात थांबला. खोटं कशाला सांगू, थांबला.

“मामा,” मी म्हटलं, “मी मेलो नाही. एवढंच सांगतोय मी.”

तो उठून गेला. मी उरलेली दोन अक्षरं पाडली आणि अंधार पडेपर्यंत त्या चरात माझ्या सोबत्याचं नाव कोरलं.

शुक्रवारी सकाळी मी मोकळा माणूस होतो. काम गेलं होतं. ऑफिसाने सगळ्यांना रांगेत उभं करून माणसं मोजली, नवे फोटोवाले पास काढायचे ठरले, आणि वीसेक जण पंधरा दिवस घरी बसले. त्यांच्या शिव्या मी ऐकून घेतल्या. पण कारखान्याला हात लागतातच. ते पुन्हा आत गेले, स्वतःच्या नावाने. मला कुणी बोलावलं नाही. मी नेरुळ-बेलापूरकडे नव्या इमारतींच्या फरशा घासायच्या कामाला लागलो आणि तिथंच टिकलो.

त्याची बायको आली ती त्याच शुक्रवारी दुपारी, लेकरू कडेवर. मी तिला फक्त दगडापाशी नेलं, बोट धरावं लागलं नाही. इतर नावं वर आणि एकच खोलात, त्यामुळं तिने आपसूक तिथंच हात लावला. सुरुवात कुठून, विचारलं. मी डावीकडून दाखवलं. तिने सावकाश शेवटपर्यंत बोट नेलं, मग लेकराचं नेलं. नंतर म्हणाली, हे एवढं खोल का, भावजी? मी सगळं सांगितलं.

“म्हंजी तुमचं व्हतं व्हय हितं?”

“हो, वहिनी.”

“बरं केलं काढलं ते,” ती म्हणाली. “तुमाला काय घाई हाय?”

पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्या चरात सिमेंट भरलं. कारखान्याचा माणूस की आमच्यातलाच एखादा, मी शोधायला गेलो नाही. रविवारी जाऊन काढलं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, तेही दुपारीच, आयेच्या कळशीतल्या पाण्याने. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही. छिन्नी मी अजून पेटीत ठेवली आहे, आणि दर दिवाळीला तिला धार लावतो.