सुधाताईंनी वाटलेले देश

सुधाताईंच्या रविवारच्या बैठकीचे किस्से म्हणजे माळ्यावरचे रिकामे डबे. एक काढायला जावं, तर चार अंगावर येतात. मी रेल्वेतला साधा बाबू. पॉलिटिक्समध्ये शून्य. पण पोटात ठेवणार तरी किती?

ताई रिटायर्ड शिक्षिका, पक्क्या लाल झेंड्याच्या. जबलपूरच्या घमापुरात त्यांच्या गच्चीवर आम्ही जमतो. तिथला नियम एकच. प्रत्येकाला एक देश वाटून दिलेला. आठवडाभर त्याच्या बातम्या वाचायच्या अन् रविवारी उभं राहून सांगायच्या. आधी जग, मग गल्लीतला नळ. माझ्या वाट्याला बोलिव्हिया आला.

आमच्यातल्या ग्रीसला एकदा डेंग्यू झाला. सकाळीच ताईंचा फोन, "ग्रीसला डबा कोण देऊन राहिलं?" बायको म्हणाली, त्या बाईंचं अन् तुमचं, दोघांचंही डोकं तपासून घ्या. मग डबा तिनंच भरला.

*

एका रविवारी मी काहीच न वाचता गेलो. म्हटलं, ताई, या आठवड्यात बोलिव्हियात काही झालं नाही.

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काहून रे विनय, तिथले लोक जेवले नाहीत का? कामावर गेले नाहीत?"

तेव्हापासून मी रिकाम्या हातानं गेलेलो नाही.

*

मुन्नाभैया ऑटो चालवतो. त्याच्याकडे ब्राझील. एकदा स्टेशनला निघालेल्या सवारीला तो तिथल्या भूमिहीनांची चळवळ समजावू लागला. समजावता समजावता ऑटो पार शहपुऱ्याच्या रस्त्याला लागला! सवारीची गाडी सुटली. माणूस भडकला, भांडला, अन् पुढच्या रविवारी गच्चीवर हजर. आता केनिया त्याच्याकडे आहे.

*

कल्पना मूळची छिंदवाड्याकडची, रिछाईच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. देश श्रीलंका, बोलणं कमी. एकदा ताई सांगत होत्या की मोठे देश छोट्या देशांशी एकत्र बोलायचं टाळतात, एकेकाला आत बोलावतात.

कल्पनानं विचारलं, "मग आत गेलेला काय करते जी?"

"चहा पितो अन् सही करतो," ताई म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. कल्पना हसली नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात तिच्यासकट कारखान्यातल्या सात जणींनी बायकांसाठी संडास मागितला. सातही जणींना कामावरून काढलं. त्या गेटसमोर सतरंजी टाकून बसल्या. मे महिन्याचं जबलपूर! ताई या वयात रोज छत्री घेऊन त्यांच्यात बसायच्या. खरं सांगतो, त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटायचे.

सगळ्यात जास्त अडचण होती कल्पनाची. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शाळेत, चूल तिच्याच पगारावर पेटायची. अन् एका दुपारी, मीही तिथंच बसलो होतो, मॅनेजरनं नेमकं तिलाच आत बोलावलं. एकटीला.

बाकीच्या सहा जणी म्हणाल्या, जा बाई, तुझं तरी होऊ दे. कोणाच्या आवाजात राग नव्हता. मी ताईंकडे पाहिलं, तर त्यांनी छत्री तेवढी मिटून मांडीवर घेतली.

ऑफिस गेटला लागूनच, खिडकी उघडी. आम्हाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कल्पनाला खुर्ची मिळाली, चहा आला. मॅनेजरनं गोड आवाजात सांगितलं की तुला उद्यापासून कामावर घेतो, यावर सही कर अन् बाहेरच्यांना विसर. कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

कल्पनानं कागद वरून खालपर्यंत वाचला. चहावर साय धरली. मग तिनं पेन उचलून मॅनेजरच्या बाजूला ठेवलं.

"साहब," ती म्हणाली, "छह चाय और मँगवा लीजिए."