चौथा फर्मा

"बाई, जरा हात दाखवा पाहुण्यांना."

सर म्हणाले तशी मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली. चंद्रपूरचा हॉल, पुस्तकाचं प्रकाशन. नागपूरहून आलेल्या पाहुण्याबाईनं माझ्या बोटायचे फोटो काढले. सुई टोचलेली, खळीनं उललेली बोटं. तोंडाचा एक फोटो नाई.

"ह्या आमच्या एटापल्लीकडच्या. हातानं पुस्तक शिवतात. कला रक्तातच असते ह्यांच्या!"

टाळ्या. रक्तात कायची कला? सहा वर्सं मान मोडून शिकली मी, सरायच्याच छापखान्यात.

दिवाळीत सरानं माझी कवितेची वही मागितली. "वाचून देतो." हरखली ना मी, दिली. वही वापस आलीच नाई. मागितली का, "शोधतो."

मंग एक दिवस मी फर्मे मोडून राह्यली होती. फर्मा म्हणजे सोळा पानाचा छापील कागद, घड्या पाडून शिवाचा. चौथ्या फर्म्यात माझी कविता. माय तेंदूपत्ता तोडते, तिच्यावरची. पुढची बी माझी. सोळाही पानं माझी. वर छापलं होतं, 'आदिवासी लोककविता'. खाली संकलक म्हणून सरायचं नाव. 

इचारलं त सर हसले. "अहो, तुमच्यात सगळेच गातात. एकीचं नाव कसं टाकायचं?"

रेला म्हणजे आमचं नाचतानाचं गाणं, ते सगळ्यायचं असते, हे मले सांगता? गावात रेला गाताना कोणी कोणाचं नाव इचारत नाई. पण हे म्या लिहिलं. खोडून खोडून लिहिलं. तरी त्या दिवशी मी चूप बसली. काऊन? सुई धराले त्यायनंच शिकवलं होतं. उपकाराचा भेव लय वाईट.

"आता बाई पहिली प्रत तुमच्यासमोर शिवतील," सर हॉलात माइकवर म्हणाले.

सात फर्मे समोर. पहिला शिवला, दुसरा, तिसरा. चौथा उचलून मांडीवर ठेवला. पाचव्यात सुई घातली. कोणाले समजलं नाई. सातव्याले गाठ मारली, पाहुण्याबाईच्या हातात दिलं.

तिनं पानं उलटली. "अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट? मधली पानं?"

"माझ्यापाशी हायेत," मी म्हणाली. "माझ्या कविता हायेत त्या. नाव टाका, मंग शिवीन."

सर जवळ आले, हळूच म्हणाले, "तमाशा नको. आत चला, बोलू."

"इथंच बोला, सर."

सरानं माइक बंद केला.

जाताना पाहुण्याबाई गोड आवाजात म्हणाली, "मी छापते तुमचं पुस्तक. तो फर्मा द्या ना, घरी वाचते."

गोड बोलणं मले आता पचत नाई. म्हटलं, "माझ्यासमोर बसून वाचा." तिले गाडी पकडाची होती म्हणे.

बाकीच्या प्रती छापखान्यात सुट्ट्याच पडल्या हायेत. सरानं दोनदा निरोप धाडला. माझ्या नावाचं पान छापून हातात येईस्तोर मी सुई उचलत नाई. दुसरी कोणी शिवाले आणली, त दारात आडवी बसीन. तिलेही सांगीन, कोणाचं चोरलेलं शिवून राह्यली तू.